सातव्या प्रश्नाची पुरवणी

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको. मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. वाटायचा असं नाही, अजूनही वाटतो. लोक हेव्याला काय काय नावं देतात. काळजी म्हणतात, शिस्त म्हणतात, "मी तर तिच्या भल्यासाठीच बोलले" म्हणतात. माझं हे सगळं म्हणून झालंय. आता सरळ बोलते.

मी तंत्र महाविद्यालयात गणित विभागाची लेखनिक आहे. खिडकी क्रमांक चार. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर एक तक्ता लावलेला आहे. गणित शून्य, तिथून बाण गणित एककडे, तिथून गणित दोनकडे, आणि गणित दोनला दोन फाटे, एक सांख्यिकीचा, एक कलनाचा, म्हणजे कॅल्क्युलसचा. प्रत्येक चौकटीखाली बारीक अक्षरात पूर्वअट. कलनाच्या खाली लिहिलंय: गणित दोन, किमान 'ब' श्रेणी, पाच वर्षांच्या आतली, नाहीतर प्रवेश चाचणीत शंभरपैकी साठ. हा तक्ता मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. प्राध्यापकसुद्धा विसरतात आणि खिडकीत डोकं घालून विचारतात, "मॅडम, वेल्डिंगवाल्यांना गणित एक लागतं का हो?" लागतं, सर. दरवर्षी लागतं.

पण या तक्त्यावर मी स्वतः कुठे आहे? गणित दोनच्या चौकटीत. 'क' श्रेणी. बावीस वर्षांपूर्वी मी याच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी होते, हातात गुणपत्रक घेऊन, आणि आत बसायची ती बाई, जिला सगळं कॉलेज आक्का म्हणायचं. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "'ब' नाही, कलन नाही. पुढचा." झालं. प्रवेश चाचणी तेव्हा नव्हती. म्हटलं पुढच्या वर्षी गणित दोन पुन्हा देऊ. पुढच्या वर्षी लग्न झालं, त्याच्या पुढच्या वर्षी लेक झाली. मग आक्का निवृत्त झाली, तिच्या जागेची जाहिरात निघाली. अट एकच, गणित दोन उत्तीर्ण. मी खिडकीच्या आत आले ती आलेच.

घरी मी एक गोष्ट सांगत आले. आक्काने बेरजेत घोळ केला, नाहीतर मला 'ब' होता. आधी नवऱ्याला सांगितली, मग सासूबाईंना, मग लेकीला. इतक्यांदा सांगितली की मला स्वतःलाही ती खरी वाटायला लागली.

आता धाकटीकडे येते. कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणतात ना, ते हिच्यासाठीच असावं. आठ वर्षांपूर्वी आमच्या घरात आली. मोजमापाची अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्यात ग्राइंडिंगच्या यंत्रावर काम करते, आठ तास उभं राहून. बोटांची टोकं सोललेली, कंबर धरलेली. आणि चौतिसाव्या वर्षी बाईसाहेबांनी ठरवलं की आता कलन शिकायचं. कारखान्याच्या मापन कक्षातला म्हातारा तपासनीस सहामाहीच्या शेवटी निवृत्त होणार होता. बसून करायचं काम, सूक्ष्मदर्शकाखाली. फोरमननं तिला सांगितलं होतं, "प्रवेश बंद होईपर्यंत कलनाच्या वर्गात नाव लागलं तर जागा तुझी. नाही लागलं तर एक पदविकावाला तयार आहे."

झालं, घर कामाला लागलं. भाऊजी, म्हणजे माझे दीर, भांडी घासायला लागले. सासूबाई तिच्या टेबलावर चहा नेऊन ठेवायच्या आणि पाऊल न वाजवता परत यायच्या. आमचे हे, ज्यांना माझी वही कधी दिसली नाही, ते टीव्हीचा आवाज कमी करायला लागले! माझ्या वेळी मी वही उघडली की या घरात कुणाला तरी पाणी हवं असायचं. मी ते बघत होते आणि भाजी चिरत होते, आणि सुरी लाकडावर जरा जोरातच आपटत होते. "मोठे, हळू," सासूबाई म्हणायच्या, "ती अभ्यास करतेय."

अर्ज घेऊन ती माझ्याच खिडकीवर आली. रांगेत वीस माणसं, आणि ही लांबूनच ओरडली, "ताई!"

"इथे मॅडम म्हणायचं," मी खालच्या आवाजात म्हटलं.

"मला नाही जमायचं ते," ती हसत म्हणाली. "घरी ताई आणि इथे मॅडम, जीभ अडखळेल माझी. ताई, बघा ना, मलाही गणित दोनला 'क'च आहे. तेही अकरा वर्षांपूर्वीचं. म्हणजे चाचणीच द्यावी लागणार ना?"

ते 'मलाही' मला असं काही टोचलं की काय सांगू. जसं काही आम्ही दोघी एका माळेचे मणी! मी अर्जावर शिक्का मारला. "शनिवारी दहा वाजता. साठ लागतील. सोपी नसते."

"तुम्ही आहात ना," ती म्हणाली.

चाचणी झाली. आता आमच्या विभागाची पद्धत नीट सांगते, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. पेपर विभागप्रमुख सर स्वतः तपासतात. आत प्रत्येक उत्तरापुढे लाल शाईने गुण देतात, मग ते पहिल्या पानावरच्या दहा चौकटींत उतरवतात आणि खाली बेरीज लिहितात. सरांचं गणित थोर, पण उतरवण्याचा कंटाळा. म्हणून पेपर माझ्याकडे येतो. मी आतले गुण आणि चौकटी ताडून बघते, बेरीज तपासते. जी चौकट रिकामी असेल, म्हणजे प्रश्न सोडवलेलाच नसेल, तिथे मी माझ्या पेनने एक आडवी रेघ मारते, कारण रिकाम्या चौकटीत उद्या कुणीही काहीही लिहील. मग खाली 'तपासले' आणि सही. एकदा माझी सही झाली की पेपर कपाटात. चूक निघालीच तर दुरुस्तीपत्रक भरायचं, तीन प्रतींत. एक फाइलला, एक फलकावर, एक विद्यार्थ्याच्या हातात. अठरा वर्षांत माझ्या सहीनंतर दुरुस्तीपत्रक भरायची वेळ कधी आली नव्हती.

पेपरवर नाव नसतं, नुसता आसन क्रमांक. पण सोमवारी सातवा-आठवा पेपर उघडला आणि मी ओळखलं. साताच्या पोटात आडवी रेघ. कारखान्यात एक आणि सात यांचा घोळ होऊ नये म्हणून तसं लिहितात म्हणे. आमच्या फ्रिजवर चिकटवलेल्या सामानाच्या याद्यांवर मी हे सात रोज बघते.

पहिल्या पानावर बेरीज होती त्रेपन्न. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सुंठीवाचून खोकला गेला म्हटलं. आपण काही केलं नाही, बोललो नाही, आणि प्रश्न मिटला. मी चौकटी बघितल्या. आठ, पाच, सात, नऊ, चार, सहा, मग सातवी चौकट रिकामी, मग तीन, सात, चार. बरोबर, त्रेपन्न. सातवा प्रश्न दरवर्षी लॉगरिदमचा असतो. बावीस वर्षांपूर्वी गणित दोनच्या परीक्षेत माझीही गाडी लॉगरिदमपाशीच अडली होती. मी म्हटलं, सुटला असेल हिलाही.

आणि सवयीने पेपर उलटा केला, तर मागे पुरवणी.

धाग्याने बांधलेलं एकच पान. त्यावर सातवा प्रश्न, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही खाडाखोड नाही. शेवटी लाल शाईने दहा. दहापैकी दहा. आणि त्या दहाच्या शेजारी सरांच्या अक्षरात एक शब्द, 'छान'. सर ते दहा पहिल्या पानावर उतरवायला विसरले होते. खरी बेरीज त्रेसष्ट.

त्या दहाचं मला एवढं काही वाटलं नसतं. पण 'छान' बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर 'छान' लिहीत नाहीत हो! अठरा वर्षांत मी हजारो पेपर उलटले, हा शब्द मोजून तीन-चार वेळा पाहिला असेल. आणि तो कुणाला, तर हिला! हिला चहा जागेवर मिळतो, हिची भांडी नवरा घासतो, हिच्यासाठी टीव्हीचा आवाज कमी होतो, आणि वरून 'छान'ही हिलाच.

मी पुरवणी खाली केली. पेन उचललं आणि सातव्या चौकटीत एक छोटीशी आडवी रेघ मारली. खाली सही केली. नेहमीसारखीच आली सही.

मग मनाची समजूत घालणं सुरू झालं. गणित दोन पुन्हा केलं तर तिचाच पाया पक्का होईल. सरांचीच चूक आहे, मी कोण लेखनिक. शंका असेल तर तिने फेरतपासणीचा अर्ज करावा, मार्ग आहे ना. मला हे माहीत होतं की फेरतपासणीला पंधरा दिवस लागतात आणि प्रवेश शुक्रवारी चार वाजता बंद होतात. तरीसुद्धा मी मनाला तेच सांगितलं.

मंगळवारी निकाल लागला. ती कामावरून मधल्या सुट्टीत धावत आली होती. फलकापाशी बराच वेळ उभी राहिली, मग खिडकीशी आली.

"त्रेपन्न," ती म्हणाली. "सातवा बरोबर आला असं वाटलं होतं मला."

"वाटतं गं तसं," मी म्हटलं. "सगळ्यांनाच वाटतं."

"हो." तिने नाक ओढलं. "जाऊ दे. यंत्रावर उभी राहते अजून थोडी. सवय आहेच."

रात्रीच्या जेवणाला भाऊजी चिडले होते. "फेरतपासणीचा अर्ज टाक. आणि वहिनी, तुम्ही सरांशी बोला ना, लवकर करतील ते."

"कशाला?" धाकटी म्हणाली. "बेरीज ताईंनी तपासलीय. त्यांच्या हातून चूक होईल का?"

"ते मात्र खरं," सासूबाई म्हणाल्या. "हिचं काम म्हणजे काम."

अठरा वर्षांत त्या घरात माझ्या कामाचं कुणी कौतुक केलं नव्हतं. केलं ते या दिवशी! मी ताटाकडे बघत जेवले.

बुधवारी धाकटीची पुस्तकं टेबलावरून गेली. भाऊजी भांडी घासतच होते, पण आता कुणी काही बोलत नव्हतं. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. वाटलं की, थोडं वाटलं. पण चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. कुणी 'बेरीज' म्हणालं तरी माझे कान टवकारायचे.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. ती शेंगा सोलत होती. सोललेल्या बोटांनी सोलताना तिला दुखत असणार, पण ती बोलली नाही. मधेच म्हणाली, "ताई, तुमचं कलन कसं राहिलं हो?"

मी माझी नेहमीची तबकडी लावली. आक्का, बेरीज, घोळ, नाहीतर 'ब' होता.

ती सोलायची थांबली. "मग तुम्ही कधी बघितलं नाहीत?"

"काय?"

"नोंदवही. जुन्या नोंदवह्या तळघरात असतात, तुम्हीच तर सांगत होता. किल्ली तुमच्याकडेच आहे. ताई, तुमच्यावर अन्याय झाला असेल तर निदान कळायला नको?"

बाहेरच्या खोलीतून हे म्हणाले, "अरे हो की! इतक्या वर्षांत सुचलं कसं नाही आपल्याला?"

मला सुचलं होतं. अठरा वर्षं किल्ली माझ्या कमरेला आहे आणि मी त्या वहीकडे एकदाही गेले नव्हते. का गेले नव्हते हे मला ठाऊक होतं. पण आता सगळे माझ्याकडे बघत होते, आणि आत कुठेतरी मलाही वाटलं की निघू दे घोळ. माझ्यावर अन्याय झाला असेल तर मी हिच्यावर केला तो फिटंफाट होईल. असलं गणित कुठल्या चौकटीत बसतं ते मला विचारू नका.

शुक्रवारी सकाळी खिडकी उघडायच्या आधी मी तळघरात गेले. बावीस वर्षांपूर्वीची वही सापडायला फार वेळ लागला नाही, आक्काने पाठीवर वर्ष ठसठशीत लिहून ठेवलं होतं. गणित दोन, वार्षिक परीक्षा. माझा आसन क्रमांक मला पाठ होता. ओळीत प्रश्नवार गुण होते. शेवटच्या रकान्यात बेरीज होती छत्तीस.

ती खोडलेली होती. वर लिहिलं होतं एक्केचाळीस. शेजारी आक्काची सही, आणि शेऱ्याच्या जागी तिच्या त्या उभ्या अक्षरात: 'प्र. ४ ब मागच्या पानावर आहे. ५ गुण धरले.'

मी बेरीज तीनदा केली. बोटांवर मोजून केली, गणित शून्यच्या मुलांसारखी. एक्केचाळीसच. 'ब'ला पंचावन्न लागायचे, मी त्याच्या आसपासही नव्हते. घोळ झाला होता खरा, पण तो प्राध्यापकाने केला होता, आणि आक्काने पान उलटून तो निस्तरला होता. पास व्हायला चाळीस लागायचे. आक्का नसती तर मी नापास होते. नापास असते तर या खुर्चीची पूर्वअटच माझ्याकडे नसती.

ती मला ओळखत नव्हती. तिला माझं काही पडलेलं नव्हतं. पाच गुण मागच्या पानावर होते म्हणून तिने धरले, आणि दोन आठवड्यांनी खिडकीत माझ्याकडे न बघता "'ब' नाही, कलन नाही" म्हणाली. दोन्ही खरंच होतं. आणि मी त्या बाईला बावीस वर्षं, माझ्याच घरात बसून, शिव्या दिल्या. मला तिथे थंडगार फरशीवर रडू आलं, आणि रडताना स्वतःचाच राग येत होता.

आता कुणाला वाटेल, मी तडक वर गेले आणि सरांना सगळं सांगितलं. नाही गेले. मी वर आले, तोंड धुतलं आणि खिडकी उघडली. कलनाच्या वर्गाला तीस जागा. सकाळी पंचवीस भरल्या होत्या. दुपारी बारापर्यंत सत्तावीस झाल्या. एक मुलगा आला, अठ्ठावीस. मी जेवायला गेले नाही. मनात म्हणत होते की जागा भरूनच गेल्या तर प्रश्नच मिटेल, मग सांगून तरी काय उपयोग. अडीच वाजता एक मुलगी आली आणि एकोणतिसावी जागा गेली. मी यादीवर एकोणतीस लिहिलं, खाली एकच ओळ रिकामी राहिली. तिच्यामागे रांगेत कोण आहे ते मी बघितलंच नाही. 'पाच मिनिटांत येते'ची पाटी लावली, कपाटातून पेपर काढला आणि सरांच्या खोलीत गेले.

सरांनी पेपर बघितला, पुरवणी बघितली, आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! माझीच चूक. उतरवायचं राहिलं. काढा दुरुस्तीपत्रक, मॅडम, वेळ आहे अजून." मग त्यांचं लक्ष त्या रेघेकडे गेलं. "तुम्हालाही पुरवणी दिसली नाही वाटतं. होतं असं, धागा ढिला पडतो."

सुटायचं दार उघडंच होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"दिसली होती, सर," मी म्हटलं.

"मग ही रेघ?"

"मीच मारली. सोमवारी. ती माझी जाऊ आहे."

सरांनी चष्मा काढला. भला माणूस, त्यांनी मला आणखी एक दार उघडून दिलं. "म्हणजे नातेवाइकाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून?"

"नाही, सर. पोटात दुखलं म्हणून."

सरांनी टेबलावरचा खडू उचलला, परत ठेवला. मला वाटतं कलनाच्या चाळीस वर्षांत त्यांना असलं उत्तर कुणी दिलं नसेल. शेवटी म्हणाले, "कारणाच्या रकान्यात काय लिहायचं?"

"झालं तेच."

"मग तुम्हीच लिहा." त्यांनी पत्रक माझ्याकडे सरकवलं. "आणि यापुढे बेरजा दुसरं कुणीतरी तपासेल. माझा नाइलाज आहे."

"हो, सर."

मी लिहिलं. 'प्र. ७ ची पुरवणी तपासणाऱ्या लेखनिकेने सोमवारी पाहिली होती. तरी चौकटीत रेघ मारली. शुक्रवारी स्वतःहून कळवले. १० गुण धरून एकूण ६३.' खाली माझी सही, त्याखाली सरांची. 'स्वतःहून' हा शब्द लिहिताना जरा थांबले, पण सर म्हणाले राहू द्या.

कारखान्यात फोन केला. फोरमनने तिला बोलावलं, आणि मी एवढंच म्हटलं, "त्रेसष्ट आहेत तुला. चारच्या आत ये." पलीकडून ती किंचाळली, यंत्रांच्या आवाजातही ऐकू आलं.

पावणेचारला ती आली. कामाचे कपडे तसेच, भुवयांवर लोखंडाची भुकटी, धाप लागलेली. पार दारापासूनच ओरडली, "ताई! त्रेसष्ट? खरंच? मी म्हटलं नव्हतं सातवा बरोबर आलाय?" हॉलमधल्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. ती खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून हसत होती. "मला माहीतच होतं तुम्ही काहीतरी कराल. तुम्ही शोधलंत ना? तुम्हीच शोधलंत!"

मला बोलायचं होतं खरं. तळघरातलं सांगायचं होतं, आक्काचं सांगायचं होतं. पण ते सगळं माझंच रडगाणं झालं असतं, आणि तिच्या हाती तिचं पत्रक पडायला हवं होतं. मी तिसरी प्रत खिडकीतून बाहेर सरकवली.

तिने वाचलं. एकदा भरभर, मग दुसऱ्यांदा एकेका शब्दाखाली सोललेलं बोट धरून. 'सोमवारी'पाशी बोट थांबलं.

"सोमवारी?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे मंगळवारी मी इथे उभी होते तेव्हा."

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ओरडेल. मी वाट बघत होते ओरडण्याची, ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने पत्रकाची घडी घातली आणि कामाच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"तिसावी जागा आहे," मी म्हटलं. "इथे सही कर. शेजारी तारीख."

तिने सही केली. तारीख सतरा होती. सात लिहिला आणि त्याच्या पोटात आडवी रेघ मारली. पेन कठड्यावर ठेवलं. मी प्रवेशाची चिठ्ठी फाडली, शिक्का मारला, आणि ती हातात धरून बसले. घड्याळात चारला दहा कमी होते.

तिने खिडकीतून हात पुढे केला.

"मॅडम," ती म्हणाली. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. "चिठ्ठी."

मी चिठ्ठी दिली. ती वळून चालायला लागली. तिच्यामागे रांगेत कुणीच नव्हतं, तरी मी म्हटलं, "पुढचा."